साठ मिलिमीटरची फळी

फळी गाडीच्या तळाखाली पुढच्या बाजूनं चार बोटं आत गेली आणि अडकली.

मी ती बाहेर काढली, फडक्यानं पुसली आणि पुन्हा घातली. पुन्हा तिथंच अडकली. हेल्मेट मांडीवर घेऊन गाडीत बसलेल्या यशोधन मगदूमनं मान वाकडी करून खाली पाहिलं आणि झालं का म्हणून विचारलं. शर्यत जिंकून त्याला वीस मिनिटं झाली होती. त्याला लघवीला जायचं होतं, हे तो आधी दोनदा सांगून चुकला होता. पण मोजणी संपेपर्यंत चालकानं गाडीत बसायचं असा नियम होता, आणि नियमाच्या बाबतीत मी काय चीज आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

डाव्या चाकाशी केरबाआण्णा उभे होते. ती गाडी त्यांची. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या शेडमध्ये पाइप वाकवून आणि पत्रा ठोकून त्यांनी ती स्वतःच्या हातानं केलेली. मी तिसऱ्यांदा फळी घातली.

"अडकतीय," मी म्हणालो.

"व्हय," आण्णा म्हणाले. "दिसतंय."

मग त्यांनी हात पुढे केला. स्पर्धकाच्या हातात मोजायचं साधन द्यायचं नसतं. पण ज्या माणसानं मला रंधा धरायला शिकवलं त्याला नाही कसं म्हणणार? त्यांनी फळी उलटसुलट केली, कडेवरून अंगठा फिरवला, मी कोरलेला साठचा आकडा पाहिला आणि फळी मला परत दिली. झकास केलीयास म्हणाले. पॉलिश कुठलं, तेही विचारलं.

चाकांखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवून, फळी जाईपर्यंत गाडी उचलून मी वहीत लिहिलं : तळ पॉइंट चार मिलिमीटरनं कमी. गाडी बाद. खाली सही केली. सही चांगली आली होती.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. मद्रासजवळच्या ट्रॅकवर एकेरी आसनाच्या गाड्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेची शेवटची शर्यत होती. देशात त्याच्यावरची शर्यत नव्हती, आणि गाड्या सगळ्या घरी केलेल्या असत.

त्या वर्षी आमच्या महासंघानं एकदम दोन नियम बदलले. तोवर टायर गुळगुळीत असत, ज्याला जे मिळतील ते. गाडीच्या तळाला असा आकार दिलेला असे की खालून जाणारी हवाच गाडीला रस्त्याकडे ओढून धरायची. वळणावर गाडी सहसा सुटत नसे, पण सुटली की पार सुटायची, आणि आदल्या वर्षी दोन गाड्या तशा सुटल्या. म्हणून नवा नियम आला. तळ सपाट हवा आणि जमिनीपासून किमान साठ मिलिमीटर वर हवा, शर्यतीआधी आणि शर्यतीनंतरसुद्धा. टायर सगळ्यांना एकाच कंपनीचे, खाचा पाडलेले. गाड्या यामुळे हळू होतील अशी नियम करणाऱ्यांची समजूत होती. दोन शर्यतींत त्या पहिल्याइतक्याच पळायला लागल्या, कारण नियम करणारे वर्षातून एकदा बसतात आणि गाड्या करणारे रोज बसतात.

एवढंच झालं की सगळ्यांची हुशारी एका जागी येऊन गोळा झाली. तळ जितका खाली, तितकी गाडी वळणाला धरून राहते. साठच्या खाली गेला की बाद. त्यात नवे टायर मऊ. शर्यतभर ते झिजणार, म्हणजे चाक लहान होणार, म्हणजे गाडी आपोआप खाली येणार. मग सुरुवातीला ती किती वर ठेवायची? बहुतेक जण दोन-तीन मिलिमीटर हातचे राखून मोकळे व्हायचे. आण्णा तसले नव्हते. दर सरावानंतर ते टायरच्या खाचांची खोली घ्यायचे आणि शेडच्या भिंतीवर खडूनं मांडायचे. शर्यत संपताना गाडी साठ पॉइंट दोनवर उभी राहिली पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता, पण मद्रासच्या आधी ती दर वेळी मिलिमीटरभर वरच राहिली होती. इतकं बारीक काम देशात दोघेच करत. दुसरा कोइमतूरचा कदिरवेल. तो गाडी स्वतः करायचा आणि चालवायचाही स्वतःच.

हे सगळं एका वर्षापुरतंच होतं. पुढच्या वर्षापासून परदेशातून तयार गाड्या येणार, सगळ्यांच्या सारख्या, अशी चिठ्ठी ऑगस्टमध्येच सगळ्यांच्या हातात पडली होती. म्हणजे घरी केलेल्या गाडीचा हा शेवटचा चषक. त्या चषकावर चालकाबरोबर गाडी करणाऱ्याचंही नाव कोरत. आण्णा आठ वर्षं गाड्या करत होते आणि त्यावर त्यांचं नाव एकदाही आलं नव्हतं. जूनमध्ये चषक टेबलावर मांडला होता तेव्हा त्यांनी सहज बघितल्यासारखं करून खिशातल्या मेजरटेपनं त्याच्या बुडाचं माप घेतलं होतं. ते मी पाहिलं होतं. घरी जाऊन त्यांनी चषक ठेवायला सागाची बैठक केली असणार, याबद्दल मला शंका नव्हती.

माझं नाव सदानंद बेनाडीकर. तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो. नोकरी फाउंड्रीत, पॅटर्नमेकरची. म्हणजे जो लोखंडी भाग ओतायचा, तो आधी लाकडात हुबेहूब करायचा. त्याच्यावरून वाळूचा साचा होतो आणि त्यात लोखंड ओततात. हे काम मला केरबाआण्णांनी शिकवलं. ते फाउंड्री सोडून गाड्यांच्या नादी लागले तेव्हा आपली स्टीलची पट्टी मला देऊन गेले. त्यांच्याकडे तसल्या तीन होत्या. मी नोकरी सांभाळून शर्यतींचा तांत्रिक तपासनीस झालो. तपासनिसानं साठ मिलिमीटरची फळी स्वतः करून आणायची असं नियमांच्या पुस्तकात होतं. बाकीच्या विभागांतल्या तपासनिसांनी ती सुताराला सांगितली असती. मी वाळलेला साग आणला, दोन रविवार घालवले, फ्रेंच पॉलिश केलं. मुख्य कारभारी कुट्टप्पासाहेबांनी ती हातात धरून सगळ्यांना दाखवली आणि वर्षभर हीच वापरायची म्हणाले. माझी मान दोन दिवस ताठ होती.

जूनच्या शर्यतीत कदिरवेल पहिला आला. त्याच्या गाडीखाली फळी अडकली. पॉइंट तीन कमी. तो तासभर वाद घालत होता. मी स्वतः मोजलंय, साठच्या वर आहे, असं तो इंग्रजीत सांगायचा, आणि इंग्रजी पुरेनासं झालं की तमिळमध्ये. मी त्याला म्हटलं, मला कशाला सांगता, फळीला सांगा. आजूबाजूचे हसले. पहिला नंबर आमच्या गाडीला मिळाला. आण्णांनी टाळ्या वाजवल्या. मी अधिकारी असल्यामुळे मनातल्या मनात वाजवल्या.

बाकीच्या दोन शर्यती कदिरवेलनंच जिंकल्या होत्या. तरीही जूनमध्ये तो एकदा बाद झाल्यामुळे मद्रासला येताना आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. 'आम्ही' म्हणतोय, कारण मी आलो होतो आण्णांच्याच ट्रकमधून. हे नियमात बसत नव्हतं, पण मला रेल्वेचं रिझर्व्हेशन मिळालं नव्हतं. आणि म्हणूनच, त्यांच्या ट्रकमधून आलो होतो म्हणूनच, पॉइंट चारचा मुलाहिजा मी ठेवणार नव्हतो.

तर आमची गाडी बाद झाली. दुसरा आलेला कदिरवेल पहिला झाला आणि चषकही त्याचाच झाला. संध्याकाळी सहाला निकाल फळ्यावर लागला. तक्रारीला मुदत चोवीस तास. कदिरवेल येऊन आण्णांचा हात हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. माझ्याशी तो बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. परतीचं रिझर्व्हेशनही नव्हतंच.

ज्यांची गाडी आपण बाद केली त्यांच्याच ट्रकमधून, त्यांच्याच मध्ये बसून, हजार किलोमीटर येण्याचा प्रसंग फार लोकांवर आला नसेल. यशोधन चालवत होता. तो फाउंड्रीमालकाचा मुलगा, बावीस वर्षांचा, स्वभावानं गोड. पण त्या दिवशी गिअर टाकताना त्याचा हात दर वेळी माझ्या गुडघ्यावर आदळत होता, आणि त्या रस्त्याला गिअर फार लागतात. आण्णा खिडकीशी बसून बाहेर बघत होते. फळी माझ्या मांडीवर कापडात गुंडाळलेली.

तुमकूरच्या पुढं तीनच्या सुमाराला चहाला थांबलो. टपरीला लागूनच एक एस.टी.डी. बूथ होतं. बाकावर बसल्यावर यशोधन म्हणाला, "सदाभाऊ, एक विचारू? ती फळी कधी कुणी मोजलीय का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दोन रविवार घालवलेत, म्हणालो. तुझ्या टूलबॉक्समधलं व्हर्नियर आण, आत्ता तुझ्यासमोर मोजून दाखवतो.

"व्हर्नियर नगो काढू," आण्णा म्हणाले.

"का?"

"च्या निवतोय."

यशोधननं व्हर्नियर आणलं. मी फळी सोडवली, जबडा लावला आणि वाचलं. जबडा पुसला, परत लावला. मग फळीच्या दुसऱ्या टोकाला लावला. तिन्ही वेळा साठ पॉइंट सहा.

सांगायला हवं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, शंभराला एक. म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी आकडेमोड नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच तशी बनवलेली असते. दिसायला साधी, पण तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर खऱ्यापेक्षा जरासा मोठा. तिच्याकडे साठ मागितले की ती साठ पॉइंट सहा देते. पट्टीच्या कोपऱ्यात तसं ठोकलेलं असतं. माझ्या पट्टीवरचं आण्णांच्या आणि माझ्या अंगठ्यानं कधीच पुसून गेलं होतं. पण ते असतं तरी मी वाचलं नसतं. लाकूड हातात आलं की माझा हात त्याच पट्टीकडे जायचा. आठ वर्षं माझा मिलिमीटर तोच होता.

"म्हणजे आपली गाडी बरोबर होती," यशोधन हळूच म्हणाला. "साठ पॉइंट दोन. आण्णा, तुम्ही म्हणाला होता तेवढीच."

आण्णांनी बशीत चहा ओतला.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"हातात घेतल्याबरोबर कळलं."

"मग बोलला का नाही?"

"काय बोलू?" त्यांनी बशी खाली ठेवली. "जूनमधी त्या कदिरवेलची गाडी तू ह्याच फळीनं काढलीस. पॉइंट तीन म्हणालास. म्हंजे त्याची बी बरोबर हुती. तास-तासभर सांगत हुता बिचारा. तवा मी काय केलं? टाळ्या वाजवल्या."

मला माझंच ते वाक्य आठवलं, फळीला सांगा. आयुष्यात इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही. मी उठलो आणि बूथमध्ये शिरलो.

कुट्टप्पासाहेब ट्रॅकच्या ऑफिसातच होते. मी सगळं सांगितलं. पट्टी, फळी, काल, आणि जून. मोडक्या इंग्रजीत एक फायदा असतो, सारवासारव करता येत नाही. ते म्हणाले की जूनचा निकाल बंद झालेला आहे, चोवीस तास संपले की उघडायची पुस्तकात सोय नाही. कालचा मात्र सहा वाजेपर्यंत उघडा आहे. गाडीवाल्यानं फोनवर तक्रार नोंदवली तरी चालेल, कागद मागून पाठवा. काल गाडी बाद केल्याचा निर्णय रद्द होईल आणि चषक तुमच्या माणसाचा होईल. त्यांना फोनवर बोलवा.

मी रिसीव्हर बाजूला ठेवून बाहेर आलो आणि शब्दन् शब्द सांगितला. यशोधन उभाच राहिला. "आण्णा, चला. घ्या फोन."

"आन् जूनचं?" आण्णांनी मला विचारलं.

"ते बंद आहे."

"बंद म्हंजे?"

"आता काही करता येत नाही. पुस्तकात नाही."

आण्णांनी उरलेला चहा संपवला, बशी कपाखाली ठेवली, रुमालानं मिशा पुसल्या आणि बूथमध्ये गेले. रिसीव्हर त्यांनी दोन्ही हातांनी धरला. त्यांचं हिंदी कोल्हापूरच्या वेशीबाहेर फारसं गेलेलं नव्हतं.

"साब, नमस्कार. केरबा सुतार. हां, सदा ने बताया. जून का खोलते हो क्या?" तिकडून काहीतरी लांबलचक आलं. आण्णा मान हलवत ऐकत राहिले. "मग कल का भी मत खोलो. दोनों बंद रहने दो. हमारा तक्रार नहीं. फळी एकच था, सब के लिए." परत तिकडून काहीतरी. "नहीं साब. वो चषक उसकाच है. कोइमतूरकोच जाने दो."

त्यांनी फोन ठेवला. बाहेर यशोधन वाट अडवून उभा होता. त्याचे डोळे भरले होते.

"मी चालवलीय ती गाडी," तो म्हणाला. "तुम्ही एकट्यानं कसं ठरवता?"

"चालवलीस की. पयला आलास. म्या बगितलंय," आण्णा म्हणाले. "पर त्यो बी जूनमधी पयला आलता. त्ये बी म्या बगितलंय."

यशोधन ट्रकच्या मागं गेला आणि ताडपत्रीच्या दोरीला धरून बराच वेळ तिकडं तोंड करून उभा राहिला. आम्ही बाकावर बसून राहिलो. सहा वाजायला अजून अडीच तास होते. ते संपेपर्यंत मी किती वेळा घड्याळ बघितलं ते सांगत नाही. आण्णांनी एकदाही बघितलं नाही. त्यांना घड्याळ नव्हतं, पण माझंही बघितलं नाही. अर्ध्या तासानं यशोधन परत आला, स्टिअरिंगवर बसला आणि निघू या म्हणाला. तिथून कोल्हापूरपर्यंत त्याचा हात माझ्या गुडघ्याला एकदाही लागला नाही.

महासंघानं मला काढलं नाही. तशी गरज पडली नाही. पुढच्या वर्षी तयार गाड्या आल्या, एकीसारखी दुसरी. तळाचं माप कारखान्यातूनच ठरून आलेलं, टायर सीलबंद, आणि मोजायला ॲल्युमिनियमचा ठोकळा पेटीतच. फळी करणारा माणूस कुणालाच लागेना, आणि गाडी करणाराही. कदिरवेलनं एक वर्ष तयार गाडी चालवली, सातवा आला, आणि सोडून दिलं असं कानावर आलं. आण्णांनी शेड ठेवली आणि पुन्हा पॅटर्न करायला लागले. शर्यतीचा विषय निघाला की बाकीच्यांचंच कौतुक सांगत. कदिरवेलचं जास्त.

पाच वर्षांपूर्वी ते गेले. शेड रिकामी करायची म्हणून यशोधननं मला बोलावलं. तो आता फाउंड्री चालवतो, पोट सुटलंय, त्या गाडीत आता मावणार नाही. गाडी मागच्या भिंतीला टेकवून उभी होती, झिजलेल्या त्या टायरांसकट. वरच्या फळीवर गोणपाटाखाली ती बैठक सापडली. साग, कडेला नक्षी, वर गोल खाच, पॉलिश केलेलं. उलटी केली तर खाली पेन्सिलनं आण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं : चषक बूड १८०.

माझ्या खिशात व्हर्नियर होतं, पण ते लहान. यशोधन आत जाऊन मोठं घेऊन आला. खाचेत जबडे उघडून मी वाचलं आणि त्याच्यापुढे धरलं. एकशेएक्क्याऐंशी पॉइंट आठ.

बैठकीवरची धूळ त्यानं शर्टाच्या बाहीनं पुसली.

"म्हणजे चषक बसला असता," तो म्हणाला.

"बसला असता," मी म्हणालो. "जरा हलला असता."